सहावा दिवा

ठमी दिवसातून दोनदा झोपते. सकाळी दहाच्या सुमाराला पाऊण तास आणि दुपारी दोननंतर, नशीब चांगलं असलं तर दीड. माझी गाडी या दोन झोपांमध्ये तयार होत होती.

गाडी म्हणजे रस्त्यावर धावणारी नव्हे. खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाची, हातभर लांबीची प्रतिकृती. दुकानात खोक्यात सुटे भाग मिळतात आणि ते कागदावर लिहिल्याप्रमाणे चिकटवायचे असतात, तसलाही हा प्रकार नव्हता. या गाडीचे भाग कुठेच मिळत नव्हते, कारण ही गाडी कधी झालीच नव्हती. होतं ते फक्त एक चित्र. एका चित्रकाराने ऐन पंचविशीत, गाड्यांच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी काढलेलं. वांग्याच्या सालीसारखा चमकता जांभळा रंग, छत म्हणून एकच मोठा काचेचा बुडबुडा, आणि शेपटीकडे दोन उंच पंख. प्रत्येक पंखात एकाखाली एक तीन लाल दिवे, डाळिंबाच्या दाण्यासारखे. गाडी बनवायला कुणी पुढे आलं नाही, चित्र कपाटात गेलं. आता चित्रकार चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मधोमध ही गाडी ठेवायची होती.

आमची कार्यशाळा अशाच कामाची. पूल, जहाजं, इमारती, जे मोठं असतं ते आम्ही टेबलावर मावेल एवढं करून देतो. ठमीच्या आधी सहा वर्षं मी तिथे खिडकीजवळच्या टेबलावर बसत होते. ठमी झाल्यावर रजा घेतली, रजा वाढवली, पुन्हा वाढवली. मग एक दिवस कार्यशाळेच्या बाई स्वतः घरी आल्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’च म्हणतात. चित्राची झेरॉक्स टेबलावर पसरून म्हणाल्या, की नवीन आलेल्या चष्मेवाल्याकडे दिलं होतं, पण तो सगळं संगणकावर काढतो आणि संगणक तिन्ही बाजू मागतो. इथे बाजू एकच आहे. उरलेलं हातानेच शोधावं लागणार. घरून कर, त्या म्हणाल्या. जमलं तर खिडकीजवळचं टेबल तुझं. नाही जमलं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. बाई अर्धंच बोलतात, उरलेलं आपण रात्रभर बोलत बसतो.

कामाला जागा दिली सासूबाईंनी. त्या तीस वर्षं शिवणकाम करायच्या, आता बोटं ऐकत नाहीत. मागच्या छोट्या खोलीत त्यांचं मशीन होतं. ते त्यांनी भिंतीला सरकवलं, वर चादर घातली, आणि शेजारी माझा छोटा लेथ बसला. लेथही शिवणयंत्राएवढाच असतो. कांडी गरगर फिरते आणि आपण तिला पात्याने हवा तो आकार द्यायचा. पहिल्याच दिवशी दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “माझ्या उशीला चाळीस टाचण्या असायच्या. रोज संध्याकाळी मोजायची. तुझा नवरा रांगत होता ना तेव्हा.” मी हो म्हटलं. तो टोमणा होता की सल्ला, हे मला कळलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली, अजूनही बऱ्याचदा कळत नाही.

बाईंचा एक नियम आहे, तो इथे सांगायला हवा. चित्रावरून काम करताना जे दिसतं ते आधी करायचं, जे लपलेलं आहे ते नंतर. चित्रात दिसलेला प्रत्येक भाग तयार झाला की झेरॉक्सवर त्या जागी लाल पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. सगळे ठिपके झाले की मग चित्राचा ट्रेसिंग पेपर उलटा धरायचा आणि डावी बाजू उजवीकडे कशी येईल ते बघून लपलेले भाग करायचे. बाई म्हणतात, चित्र साक्षीदार आहे आणि पलीकडची बाजू हा आपला अंदाज. साक्षीदाराचं आधी ऐकायचं.

पलीकडच्या बाजूला काय आहे, हे मी चित्रकारांना फोन करून विचारलंही होतं. ते हसले. “मी त्या बाजूला कधी गेलोच नाही,” म्हणाले, “तुम्ही जाऊन बघा आणि मला सांगा.”

मंगळवार होता. प्रदर्शन शनिवारी उघडायचं होतं आणि बाई शुक्रवारी अकराला गाडी न्यायला येणार होत्या. रंग वाळला होता, बुडबुडा बसला होता. चाकं, आतली पांढरी आसनं, स्टिअरिंग, सगळं जागेवर. बाकी होते फक्त गाडीच्या कडांच्या चमकत्या पट्ट्या आणि मागचे दिवे. दिवे मी आदल्या आठवड्यात लाल पारदर्शक ॲक्रिलिकच्या कांडीतून कातून ठेवले होते. दाण्याएवढा दिवा आणि मागे पंखाच्या भोकात बसायला बारीक काडी, छोट्या खिळ्यासारखी. असे बारीक भाग हरवू नयेत म्हणून आम्ही ते दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या पट्टीवर टोचून ठेवतो. पट्टीवर मी पेनाने सहा गोल काढले होते, यादीत ‘मागचे दिवे, सहा’ असं लिहून पुढे ‘झाले’ लिहिलं होतं, आणि पट्टी लेथशेजारच्या स्टुलावर ठेवली होती.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या. ठमी तिच्या लाकडी कठड्यात बसून चमचा आपटत होती. तेवढ्यात बेल वाजली. टपालवाला होता, चमकत्या पट्ट्यांचं पाकीट घेऊन. सही करायची होती आणि त्याचं पेन चालेना. त्याने ते तळव्यावर घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं. मी आतून पेन आणलं असतं तर बरं झालं असतं. पण मी उभी राहिले, हसले, आणि त्याचं पेन चालेपर्यंत दोन मिनिटं गेली.

कठड्याची कडी ठमीला उघडता येत नव्हती. त्या दिवसापर्यंत.

मी परत आले तेव्हा ती मागच्या खोलीत स्टुलाला धरून उभी होती. पट्टी तिच्या तळव्याला चिकटली होती आणि ठमी ती सोडवायचा प्रयत्न करत होती. माझ्याकडे बघून हसली. तोंड हलत होतं.

मी पट्टी घेतली. सहा गोल, पाच दिवे.

त्यानंतरचं मला तुटक-तुटक आठवतं. तिच्या तोंडात बोट घातलं, ते हिरड्यांवरून, जिभेखालून, गालांच्या आतून फिरवलं. एक ओला गोळा निघाला. तो पट्टीच्या पाठीचा कागद होता. पुन्हा बोट घातलं. ती चिडली आणि चावली. दोन दात वर, दोन खाली. मग मी तिला काखेत धरून फरशी शोधली. आमच्याकडे एक युक्ती आहे, बारीक वस्तू पडली की विजेरी जमिनीवर आडवी ठेवायची, म्हणजे कणाएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. खोलीत शेकड्याने सावल्या पडल्या. प्लॅस्टिकचा भुगा, धाग्याचे तुकडे, एक जुनी टाचणीसुद्धा निघाली, चादरीखालच्या मशीनच्या पायाशी. लाल काही नव्हतं.

सासूबाई पिशव्या घेऊन आत आल्या तेव्हा मी कपाट पुढे ओढत होते. क्षणभर वाटलं, सांगूच नये. आधी शोधावं, सापडलं की विषयच मिटला. पण तोंडातून निघून गेलं, “आई, हिने दिवा गिळलाय.”

त्यांनी पिशव्या होत्या तिथेच ठेवल्या. ठमीला माझ्याकडून घेतलं, तिचं तोंड उघडून पाहिलं, पाठीला कान लावला. “श्वास चालू आहे,” म्हणाल्या, “चपला घाल.” टाचण्यांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी ठमीची छाती ऐकली, घसा पाहिला, पोट दाबलं. ठमीने त्यांचं पेन पळवलं. वस्तू केवढी आहे, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पाच मिलिमीटर रुंद, काडीसकट आठ लांब, मी सांगितलं. आम्हाला सगळं मापातच बोलता येतं. धातू आहे का? नाही, ॲक्रिलिक. मग फोटोत दिसणार नाही, त्या म्हणाल्या. क्ष-किरण प्लॅस्टिकमधून सरळ निघून जातात.

हे मला माहीत असायला हवं होतं. ॲक्रिलिक मी निवडलं होतं तेच मुळी त्यातून प्रकाश आरपार जातो म्हणून. बाईंनी ॲल्युमिनियमचे करून वर लाल रंग द्यायला सांगितलं होतं, लवकर होतात. मीच हट्टाने म्हटलं होतं, की नाही, दिवा दिव्यासारखा दिसला पाहिजे. ॲल्युमिनियमचा असता तर आता पाच मिनिटांत कुठे आहे ते कळलं असतं.

“टोकदार आहे का कुठे?”

पुढून गोल आहे, मी म्हटलं, घासून घासून आरसा केलाय. त्यांनी पुन्हा विचारलं.

“मागच्या काडीचं टोक,” मी म्हटलं. “ते घासलेलं नाही. ते आत जातं, दिसत नाही, म्हणून.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग सांगितलं, की मुलगी हसते आहे, श्वास स्वच्छ आहे, म्हणजे गिळला असेल तर तो पोटात आहे, श्वासनळीत नाही. बहुतेक वेळा अशी वस्तू आपली आपण बाहेर येते. खोकला लागला, लाळ गळायला लागली, उलटी झाली, पोट फुगलं, शौचात रक्त दिसलं, तर घड्याळ न बघता यायचं. नाहीतर नेहमीसारखं खाऊ घाला, प्रत्येक शौच तपासा आणि वाट बघा.

वाट बघा. माझ्या हाताला केस चिरायची सवय आहे. वाट बघायची नाही.

त्या दिवसापासून घरात एकच काम राहिलं. ठमी कधी जोर करते, याकडे दोन बायका डोळ्यात तेल घालून बघत होत्या. सासूबाईंनी स्वतः शिवलेले लंगोट कपाटातून काढले, कारण दुकानातल्या डायपरमध्ये नीट दिसत नाही म्हणाल्या. चहाची जुनी गाळणी या कामावर बदली झाली. मी माझा बारीक चिमटा आणला, भिंग आणलं, आणि आम्ही दोघी मोरीत वाकून असं काम केलं, की बाईंनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, एवढं लक्ष पुलाच्या कामात घातलं असतंस तर. मंगळवारी संध्याकाळी काही निघालं नाही. बुधवारी सकाळी गाळणीत काहीतरी लाल चमकलं. चिमटा सासूबाईंनी घेतला. त्यांच्या न ऐकणाऱ्या बोटांनी तो तुकडा पाण्यात उलगडला. टोमॅटोची साल होती.

“उद्यापासून टोमॅटो बंद,” त्या म्हणाल्या.

नवरा बेकरीत भट्टीवर असतो, पहाटे जातो आणि दुपारी पावाच्या वासासकट येतो. आल्या आल्या तो ठमीच्या पोटाला कान लावायचा. बुधवारी कान लावून बराच वेळ बसला आणि म्हणाला, “ब्रेक दाबून बघा कुणीतरी. पोट लाल दिसेल.” मला हसू आलं नाही. सासूबाईंना मात्र हसू फुटलं, ते त्यांना आवरेना, पदर नाही म्हणून त्यांनी पोळपाट पुसायचं फडकं तोंडात धरलं. मग मी रडले. नवरा म्हणाला, चुकलो. ठमी तिघांकडे आळीपाळीने बघून टाळ्या वाजवत होती. तिला वाटत होतं, हे सगळं तिच्या कौतुकाचं चाललंय.

ती खरंच मजेत होती. खात होती, रांगत होती, कडी उघडण्याचा सराव करत होती. पण तिने नुसता ठसका दिला तरी मी तिचं तोंड उघडून बघायचे. ती दुपारी झोपली की मी मागच्या खोलीत न जाता तिच्याशेजारी बसायचे आणि तिचं पोट वर-खाली होताना बघायचे. पोट केवढंसं, माझ्या तळव्याखाली झाकलं जाईल एवढं. आत कुठेतरी माझ्या हातचा दिवा आणि त्याचं न घासलेलं टोक. आत काय चाललंय ते बघायला वाट नव्हती. नुसती बाहेरची बाजू होती, गोल, मऊ, झोपलेली.

बुधवारी दुपारी मी बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हटलं, की माझ्याच्याने आता नाही होणार. गाडी चष्मेवाल्याकडे द्या, पट्ट्या आणि दिवे तो लावेल. दिवे पाच आहेत, सहावा त्याला करावा लागेल.

“श्वास नीट आहे?” बाईंनी विचारलं.

नीट आहे.

“खाते?”

आपल्यापेक्षा जास्त.

“मग शुक्रवारी अकराला येते. गाडी जशी असेल तशी नेते.” आणि फोन ठेवला. जशी असेल तशी. मी तिथेच उभी राहून विचार केला, की खिडकीजवळचं टेबलही आता जसं असेल तसं. आणि मला त्याचं काही वाटेना. ठमीच्या पोटातून तो दिवा सुखरूप बाहेर येऊ दे, मी पुन्हा पातं हातात धरणार नाही, असं मी मनात कुणाला तरी कबूलही करून टाकलं.

गुरुवारी दुपारपर्यंत काही नव्हतं. तिसरा दिवस. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांबू, मग बघू. ‘मग बघू’ म्हणजे काय बघू, ते विचारायचा धीर झाला नाही.

ठमी झोपली. मी उशाशी बसले. मागच्या खोलीत सासूबाई आवराआवर करत होत्या. बाई येणार, तर खोली बरी दिसावी म्हणून. थोड्या वेळाने त्या दारात आल्या. हातात लाल कांडी होती.

“यातूनच कातलेस ना ते?”

मी मान हलवली.

“केवढी होती?”

“बारा सेंटिमीटर. नवीन होती.”

“आणि एका दिव्याला किती जाते?”

“आठ दिव्याचे, एक कापताना पातं खातं तो. नऊ मिलिमीटर.”

त्या कांडी हातात फिरवत राहिल्या. मग सांगायला लागल्या, हळू आवाजात, ठमी उठू नये म्हणून. पूर्वी एक गिऱ्हाईक यायची, दर वेळी म्हणायची, कापड जास्त दिलं होतं, तुम्ही ठेवून घेतलंत. भांडायचं किती. मग त्यांनी एक रीत केली. शिवलेला कपडा टेबलावर पसरायच्या, शेजारी उरलेल्या चिंध्या मांडायच्या, आणि तिला म्हणायच्या, आता तुम्हीच बघा, तिसरं काही असायला जागा आहे का यात.

“तू दिवे मोजलेस,” त्या म्हणाल्या. “चिंधी मोजलीस का?”

मला आधी त्यांचं म्हणणं कळलंच नाही. मग कळलं, आणि मी उठले.

कांड्यांचं पाकीट खणात होतं. एका पाकिटात दोन येतात, दुसरी अजून कागदात गुंडाळलेली होती. मी ती काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. तिच्याखाली, एक टोक जुळवून, वापरलेली कांडी. मग उरलेल्या मोकळ्या जागेत पट्टीवरचे दिवे एकामागे एक मांडायला घेतले. प्रत्येक दिव्यानंतर पात्याची मिलिमीटरभर फट सोडून. एक. दोन. दिवे लवंडत होते. सासूबाईंनी ठमीची मूठ धरावी तशी अलगद कांडी बोटाने धरून ठेवली. तीन. चार. पाचवा ठेवला, फट सोडली, आणि वरची कांडी संपली.

सहाव्याला जागा नव्हती.

मी मापपट्टीने मोजलं, मग बारीक मापाच्या व्हर्नियरने मोजलं. पंचाहत्तर मिलिमीटर उरायला हवे होते पाच कातले असतील तर, आणि सहासष्ट सहा कातले असतील तर. पंचाहत्तर होते. पुन्हा मोजलं. पंचाहत्तर आणि केसभर.

मग झेरॉक्स काढली. गेले तीन दिवस तिच्याकडे बघायचं सुचलंच नव्हतं, कारण यादीत ‘झाले’ होतं आणि पट्टीवर सहा गोल होते. चित्रात गाडी मागून, डावीकडून दिसते. डाव्या पंखात तीन दिवे, तिन्हींवर लाल ठिपका. उजव्या पंखात वरचे दोन, दोन्हींवर ठिपका. तिसरा, सगळ्यात खालचा, डाव्या पंखाआड गेलाय. तो चित्रात नाहीच. त्या जागी ठिपका नव्हता.

तेव्हा ती दुपार आठवली. जे दिसतं ते आधी, म्हणून मी पाच कातले. सहावा ट्रेसिंग उलटं धरून करायचा होता. तेवढ्यात ठमी रडली. मी सहा गोल काढलेल्या पट्टीवर पाच टोचले, सकाळी एक करायचाच आहे म्हणून यादीत ‘झाले’ लिहून टाकलं, आणि सकाळी तिला दाताचा ताप होता. नंतर मी यादीतल्या पुढच्या ओळीपासून काम सुरू केलं, आणि तो उरलेला एक दिवा माझ्या डोक्यात पूर्ण झालेला राहिला. मोकळा गोल ठमीने केला नव्हता. तो मीच मोकळा ठेवला होता.

मी सासूबाईंना ते कसं सांगितलं, मला आठवत नाही. त्यांनी चष्मा काढला, झेरॉक्सवर ठेवला, आणि म्हणाल्या, “म्हणजे तीन दिवस आपण पोरीच्या लंगोटात न केलेला दिवा शोधत होतो.”

मी खाली फरशीवरच बसले. हसत होते का रडत होते कुणास ठाऊक, त्यांनी मला हाताला धरून उठवलं नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून. त्यांच्या हाताला अजून मशीनच्या तेलाचा वास येतो, किंवा मला तो येतो असं वाटतं. मग म्हणाल्या, “मलाही एकदा एकोणचाळीस भरल्या होत्या. नवऱ्याला तुझ्या उताणा करून, उलटा धरून, काय काय केलं. चाळिसावी माझ्याच बाहीला टोचलेली होती.” आणि थांबून, “हे त्याला सांगू नकोस.”

मी म्हटलं, त्या खोलीत मशीनखाली एक टाचणी सापडली आहे. त्या दचकल्या. “मग ती एक्केचाळिसावी असणार,” म्हणाल्या.

घड्याळात अडीच वाजले होते. झोपेचा निम्मा वेळ उरला होता. सासूबाई ठमीच्या पलंगाकडे जाऊन बसल्या, मला हाताने खूण केली. जा. “उठली तरी मी आहे,” म्हणाल्या. हे वाक्य इतके महिने कुणी बोललं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, विचारलं तर चाळीस टाचण्या निघतील.

मी दार लावून घेतलं, लेथ सुरू केला. कांडी फिरायला लागली, पात्याखालून लाल केसासारखी तार सुटायला लागली. हात आधी बुजले, मग त्यांना आठवलं. ट्रेसिंग उलटं धरून माप घेतलं, दिवा गोल केला, घासला, पुन्हा घासला. मग काडीचं टोक घासलं. ते भोकात जाणार होतं, जगात कुणाला दिसणार नव्हतं. मी ते इतकं गुळगुळीत केलं, की जिभेवर ठेवलं तरी टोचलं नसतं. खरं सांगते, ठेवून पाहिलं. बाकीच्या पाचांचीही टोकं घासली. मग सहाच्या सहा जागेवर बसवले, पट्ट्या चिकटवल्या. ठमी उठून सासूबाईंच्या मांडीवर त्यांचा चष्मा चाखत होती, तोपर्यंत गाडी पूर्ण झाली होती.

शुक्रवारी सकाळी हिशेब सगळा लख्ख असूनही मी लंगोट गाळणीवर धुतला. मागून सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. “काही आहे का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. दोघींनी मिळून पुन्हा एकदा बघितलं.

अकराला बाई आल्या. त्यांनी आधी ठमीला पाहिलं, मग गाडी. कुठल्याही प्रतिकृतीकडे त्या नेहमी लपलेल्या बाजूने जातात. भिंग लावलं, पंख बघितला, बोटाने दिवे मोजले. सहा झाले तेव्हा माझ्याकडे वळल्या.

“गिळला तो कुठला?”

मी उजव्या पंखातला खालचा दाखवला.

“केला कधी?”

“काल दुपारी.”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. काय झालं असेल ते त्यांना तेवढ्यात समजलं. तीस वर्षं त्या याच कामात आहेत, असे न केलेले दिवे त्यांच्याही हातून राहिले असतील. हसल्या नाहीत, पण भिंग पेटीत ठेवताना त्यांचे खांदे हलत होते. सोमवारी टेबल पुसून ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवार नको, आईंशी बोलून सांगते, दुपारपर्यंतच जमेल. मला वाटलं त्या अर्धं बोलून थांबतील. “दुपारपर्यंत ये,” त्या म्हणाल्या. पूर्ण बोलल्या.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. चित्रकार आले होते. नातीच्या खांद्यावर हात ठेवून गाडीभोवती फिरले. डावीकडे ते फार थांबले नाहीत, ती बाजू त्यांना पाठ होती. उजवीकडे गेले आणि तिथे इतका वेळ उभे राहिले, की खुर्ची आणावी लागली. मग म्हणाले, इकडून अशी दिसते होय.

आता मी पट्टीवर आधी गोल काढत नाही. वस्तू झाली, टोचली, की मग तिच्याभोवती काढते. आणि घरी आणलेलं काम संपवून रोज खोलीचं दार लावण्याआधी बाहेरून सासूबाई विचारतात, “किती?” मी मोजते, सांगते. उरलेली कांडीही मोजून सांगते. मग त्या कठड्याची कडी काढतात, जी ठमीने तोवर बहुतेक काढलेलीच असते.